शिपाईबा कुलपात

स्टँडसमोर माझं मेडिकलचं दुकान आहे. दुकानातल्या प्रत्येक गोळीवर, प्रत्येक बाटलीवर एक्सपायरी छापलेली असते. ती उलटली की माल कंपनीकडे परत जातो आणि विषय संपतो. आमच्या गावच्या वारसा मंडळाच्या किश्श्यांना मात्र एक्सपायरी नाही. ते नुसते साठत राहतात. एक विसरावा म्हटलं, तर मंडळ दुसरा तयार करून ठेवतं. मी या मंडळाचा सभासद आहे आणि सभासद झाल्यापासून बीपीची गोळी मी नुसती विकत नाही, घेतोही. म्हटलं, त्यातले काही किस्से तुम्हाला सांगून टाकावेत. तेवढंच माझं बीपी वाटलं जाईल!

आधी थोडी ओळख करून देतो, नाहीतर माझा राग तुम्हाला उगाच वाटेल.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, पण अगदी सातारच्या शिवेवर. घरटी एक माणूस उसात आणि एक पलटणीत, अशी गावाची वाटणी आहे. स्टँडच्या कोपऱ्यावर, लिंबाखाली एक वीरगळ उभा आहे. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा दगड. खालच्या पट्टीत तो घोड्यावरून लढतोय, मधल्या पट्टीत अप्सरा त्याला घेऊन निघाल्यात, वरच्या पट्टीत तो पिंडीपुढे हात जोडून बसलाय आणि माथ्यावर चंद्रसूर्य. वीर कोण, कुठला, कुणाला ठाऊक नाही. गाव त्याला 'शिपाईबा' म्हणतं.

गावातला जवान सुट्टी संपवून निघाला की शिपाईबापुढे डोकं टेकतो आणि मग एसटीत चढतो. त्या दिवसापासून तो पुन्हा सुट्टीवर येईपर्यंत त्याच्या घरची बाई रोज सकाळी शिपाईबाला तांब्याभर पाणी घालते. चपला रस्त्याकडेला काढायच्या, पाणी घालायचं, काही न बोलता घरी जायचं. जवान परत आला की एसटीतून उतरल्यावर पहिला तांब्या त्याने स्वतः घालायचा, मगच घराची पायरी चढायची. एवढाच रिवाज. त्यात ना पुजारी, ना पावती, ना लाऊडस्पीकर. इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं, कारण तेव्हा गावात वारसा मंडळ नव्हतं!

*

मंडळ स्थापन झालं ते बापूसाहेबांच्या पेट्रोलपंपाच्या ऑफिसात. बापूसाहेब म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. पांढरे कपडे, काळे बूट, आवाज असा की पंपावरून बोलले तरी माझ्या दुकानातल्या काचा थरथरतात. ते अध्यक्ष होणार हे ठरलेलंच होतं. चिटणीस झाले देसाई सर. आमच्या हायस्कूलवर ते चित्रकला शिकवायचे, आता रिटायर आहेत.

पहिल्या बैठकीचा विषय होता, 'आपल्या गावचा वारसा कसा जपावा.' बैठक चालली तीन तास. त्यातला वारसा दहा मिनिटांत आटोपला. उरलेला वेळ उद्घाटनाच्या फ्लेक्सवर कुणाचा फोटो कुठे, यात गेला.

अखेर फ्लेक्स लागला. वर बापूसाहेब, खाली देसाई सर, त्याखाली आम्ही सगळे, टपाल तिकिटाएवढे. मी नीट निरखून पाहिलं आणि देसाई सरांना विचारलं, "सर, यात शिपाईबा कुठं आहे?"

सरांनी फ्लेक्स वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला.

"जागाच उरली नाही हो!" ते म्हणाले.

*

मग पहिला उपक्रम झाला, स्वच्छता मोहीम. मी सकाळी शटर उघडलं आणि समोर पाहून पुन्हा खाली ओढावंसं वाटलं. देसाई सर लिंबाखाली स्टुलावर बसून शिपाईबाला ऑइल पेंट देत होते!

अप्सरा गुलाबी झाल्या होत्या. घोडा निळा. चंद्र पिवळा आणि सूर्य केशरी. सगळ्यात कहर म्हणजे शिपाईबाला सरांनी काळ्याभोर मिशा काढल्या होत्या. ज्या दगडावर नाक धड दिसत नव्हतं, तिथं मिशांना पीळ!

"सर, हे काय चालवलंय?" मी ओरडलोच.

"डिटेल उठून दिसत नव्हते हो. आता पाहा, लांबून एसटीतनंसुद्धा कळतंय."

तेवढ्यात हौसाक्का आली. हौसाक्काचा मुलगा सदा फौजेत आहे, वर कुठेतरी बर्फात. नवरा गेल्यापासून घरात ही एकटीच. म्हैस, पाऊण एकर ऊस आणि रोजचा शिपाईबाचा तांब्या, एवढा तिचा संसार. तिने चपला काढल्या, रंगवलेल्या शिपाईबाकडे बराच वेळ पाहिलं आणि ओल्या रंगावर पाणी घातलं. निळा घोडा थोडा अप्सरेत मिसळला. संध्याकाळी ती सदाशी फोनवर बोलायला माझ्या दुकानात आली. तिच्या फोनला रेंज फक्त माझ्या दुकानातच येते. मला ऐकू आलं ते एवढंच, "सगळं बरं हाय बाबा. शिपाईबाला नवा युनिफारम मिळालाय. न्हाई रं, मापात न्हाई बसला."

तो रंग काढायला पुढे थिनर आणावा लागला, आणि तो कसला काढला म्हणता! वीराच्या मिशा अजून पुसट दिसतात. मला तर समोर पाहायचीच लाज वाटते.

*

यानंतर मंडळाला वाटलं, शिपाईबाचं मूळ शोधलं पाहिजे. बापूसाहेबांनी बाहेरगावाहून एक संशोधक बोलावला. गळ्यात कॅमेरा, खिशाला भिंग. त्याचं जेवण गावातल्या मोठ्या घरी ठेवलं. मटणाचा बेत होता. जेवण झालं, सुपारी झाली आणि संशोधकांनी जाहीर केलं, की शस्त्राची ठेवण पाहता हा वीर याच घराण्याचा मूळपुरुष दिसतो.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या भावकीने जेवायला बोलावलं. तिथे पुरणपोळी होती. पोळी पचायच्या आत घोड्याच्या खोगिरावरून वीर त्यांचा निघाला. तिसऱ्या दिवशी आणखी एका घरी कोंबडं कापलं आणि पागोट्यावरून वीराने पुन्हा आडनाव बदललं. त्या पागोट्याचा दगडावर नुसता उंचवटा उरलाय!

गावात भावक्या-भावक्यांत तोंडातोंडी सुरू झाली. दोन चुलते माझ्या काउंटरवर एकमेकांना 'तुमचा कसा आमचा' यावरून भिडले आणि खोकल्याच्या औषधाचा स्टँड आडवा झाला. मी चिडून संशोधकांना गाठलं. ते एसटीची वाट पाहत होते.

"अहो, एक माणूस तीन घराण्यांचा मूळपुरुष कसा?"

ते शांतपणे दात कोरत म्हणाले, "अजून पुरावे यायचेत. तुमच्याकडं जेवण असतं का?"

*

इथवर मी रागावत होतो, पण हसतही होतो. जाळी आली आणि माझं हसू संपलं.

दगडाची झीज होते, असा ठराव मंडळात झाला. ठरावाला मी विरोध केला. हात वर करणारा मी एकटा. झीज कशाने होते? तर रोजच्या पाण्याने! ऊन नाही, वारा नाही, एसटीचा धूर नाही, देसाई सरांचा थिनर तर नाहीच नाही. तांब्याभर पाणी! आठ दिवसांत शिपाईबाभोवती लोखंडी पिंजरा उभा राहिला. वर पत्रा, पुढे दार, दाराला कुलूप आणि चावी एकच, बापूसाहेबांच्या खिशात. दारावर बोर्ड, 'हा आपला अमूल्य वारसा आहे. स्पर्श करू नये. पाणी, तेल, हळद-कुंकू वाहू नये. आदेशावरून.'

कुणाच्या आदेशावरून ते लिहिलं नव्हतं. ज्यांनी लढणारा माणूस एवढी वर्षं उन्हापावसात जपला, त्यांना त्याच्यापासून लांब ठेवायचा आदेश काढणारे हे कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाक्का आली. बापूसाहेब मुद्दाम उभे होते; त्यांना बघून बाकीच्या बायका लांबूनच हात जोडून परतल्या होत्या.

"आक्का, बोर्ड वाचा."

"वाचायला येत न्हाई सायेब."

"त्यात लिहिलंय, पाणी घालायचं नाही. दगड झिजतो."

"दगड झिजू दे की. त्याला कुणाच्या लग्नात मिरवायचंय?"

"ही अंधश्रद्धा आहे, आक्का. आता हे हेरिटेज आहे."

"ते आसंल. पर सदा कवा येणार, ते तुमच्या हेरिटेजला ठावं हाय का?"

बापूसाहेबांनी आवाज चढवला. हौसाक्काने ऐकून घेतलं. मग तिने चपला काढल्या आणि तांब्या सरळ जाळीवर रिकामा केला. निम्मं पाणी जाळीतून शिपाईबावर गेलं, निम्मं बापूसाहेबांच्या बुटांवर.

*

हेरिटेज वॉकचा किस्सा सांगितला की माझी बायको अजून म्हणते, त्या दिवशी तुम्ही तोंड आवरलं ते नशीब.

आमच्या गावची रूपाली सून म्हणून वेल्सला गेली आहे. तिची सासू ग्वेन इथे फिरायला आली. बाई तिकडच्या त्यांच्या गावच्या वारसा मंडळात आहेत, हे कळताच बापूसाहेबांनी वॉक ठरवला. वॉक म्हणजे पेट्रोलपंप ते शिपाईबा, मधे माझं दुकान. चालायला पाच मिनिटं लागतात आणि बापूसाहेब तेवढ्यासाठीही गाडीतून आले.

माईकवर त्यांनी सुरुवात केली, "इंग्लंडहून आलेल्या आपल्या पाहुण्या..."

ग्वेनबाई हसून म्हणाल्या, "वेल्स."

"हो हो. वेल्स, इंग्लंड."

"वेल्स," बाई पुन्हा म्हणाल्या. या वेळी हसू कमी होतं.

"तर इंग्लंडच्या या वेल्सबाई..."

बाईंचा चेहरा लाल झाला. रूपालीने माईकजवळ जाऊन सांगितलं, की वेल्स हा वेगळा देश आहे, भाषा वेगळी आहे आणि इंग्लंडचं म्हटलेलं तिथे कुणालाच चालत नाही. बापूसाहेब म्हणाले, "एकच की गं ते!"

गर्दीत मागे हौसाक्का तांब्या घेऊन उभी होती. ती मला म्हणाली, "बाईचा राग बरुबर हाय. माझं म्हायेर आटपाडी. मला कुणी सातारची म्हणलं की माझं बी डोस्कं फिरतंय."

मी हे रूपालीला सांगितलं, तिने सासूबाईंना सांगितलं, आणि ग्वेनबाईंनी मागे वळून हौसाक्काला हात केला.

पुढचं ऐका. फोटोसाठी बापूसाहेबांनी खिशातून चावी काढली आणि पिंजरा उघडला. "मॅडम, प्लीज, टच इट!" बूट घालून स्वतः आत गेले, शिपाईबाच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले, म्हणजे शिपाईबा यांच्या पंपावर कामाला आहे की काय असं वाटावं. बाहेर बोर्ड, 'स्पर्श करू नये.' बोर्डाच्या अलीकडे हौसाक्का. माझ्या तोंडात असे शब्द आले की ते मेडिकलवाल्याने उच्चारू नयेत!

ग्वेनबाई मात्र आत गेल्या नाहीत. त्यांनी हौसाक्काच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, खाली वाकून स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि रूपालीला काहीतरी विचारलं. रूपालीने रिवाज सांगितला. बाईंनी हौसाक्काचा हात धरून तिला आत नेलं. पाहुण्यांपुढे बापूसाहेब काय बोलणार! पाणी घातलं गेलं. फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलेल्या फोटोत बापूसाहेब होते, बाई होत्या आणि हौसाक्काचा नुसता कोपर होता. खाली ओळ, 'इंग्लंडच्या पाहुण्यांकडून वारसा मंडळाचे कौतुक.'

जाण्यापूर्वी ग्वेनबाई माझ्या दुकानात डास पळवायचं मलम घ्यायला आल्या. मी रूपालीमार्फत विचारलं, "तुमच्या मंडळात हो कसं असतं?"

त्या म्हणाल्या, "नदीवर एक जुना पूल आहे. त्याच्यावर बाकडं कुठल्या बाजूला ठेवायचं, यावरून आमचं मंडळ फुटलं. आता दोन मंडळं आहेत. दोन्ही एकाच दिवशी चहा ठेवतात, म्हणजे कुणालाच दोन्हीकडे जाता येऊ नये."

"आणि बाकडं?"

"ते अजून माझ्या गॅरेजमध्ये आहे."

मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

*

त्याच सुमाराला बापूसाहेबांची नात, सई, फौजेत लेफ्टनंट झाली. पोरगी खरंच गुणी. ट्रेनिंगमध्ये तावून सुलाखून निघाली. सगळ्या गावाला आनंद झाला, मलाही झाला. मी पेढे खाल्ले आणि दुसऱ्या पेढ्याला हातही पुढे केला.

पण अभिनंदनाचा फ्लेक्स लावला कुठं? शिपाईबाच्या पिंजऱ्याला! मागची पूर्ण बाजू झाकून टाकली. 'लेफ्टनंट सई हिचे हार्दिक अभिनंदन', खाली आजोबांचा फोटो, नातीपेक्षा मोठा. ज्या दगडाला पाण्याचा थेंब लागू नये म्हणून यांनी आदेश काढला, त्याच्या जाळीला तारेने पिळून फ्लेक्स!

मी बापूसाहेबांना गाठलं. "हे वारशात कसं बसतं?"

"अहो, वीराशेजारी वीरकन्या! कल्पना देसाई सरांची आहे."

"आणि बोर्डावर लिहिलंय त्याचं काय?"

"बोर्डावर पाणी, तेल, हळद-कुंकू लिहिलंय. फ्लेक्स कुठं लिहिलाय?"

सई पोस्टिंगवर निघाली त्या दिवशी एसटीने नाही, आजोबांच्या गाडीने गेली. गाडी शिपाईबापाशी थांबली नाही. मागच्या काचेतून सई मात्र वळून पाहत होती, ते मी काउंटरवरून पाहिलं.

*

आता जे सांगतो ते सांगताना आजही माझं बीपी चढतं.

हौसाक्काचं निम्मं पाणी जाळीतून आत जातं, हे मंडळाच्या लक्षात आलं. म्हणून मंडळाने जाळीला आतून चारी बाजूंनी जाड प्लॅस्टिकची काच बसवली. वर हवेसाठी वीतभर फट, तीही पत्र्याच्या खाली, कुणाचा हात पोचू नये अशी. आणि वेळ कशी साधली पाहा! सदाचा फोन बंद झाला त्याच आठवड्यात. टीव्हीवर सीमेवरच्या बातम्या. हौसाक्का सकाळ-संध्याकाळ माझ्या दुकानात येऊन फोन लावायची. पलीकडून एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगायची आणि फोन कट व्हायचा.

"काय म्हणती वं ती?"

"लागत नाही म्हणते, आक्का. रेंज नसेल."

मग ती समोर जायची, चपला काढायची आणि तांब्या काचेवर ओतायची. पाणी काचेवरून ओघळून गटारात जायचं. आत शिपाईबा कोरडा ठक्क. हे रोज डोळ्यांपुढे पाहायचं आणि वर गिऱ्हाइकाला विचारायचं, गोळी जेवणाआधी की जेवणानंतर!

मी मंडळाची खास बैठक बोलावली. म्हटलं, रोज सकाळी पाच मिनिटं दार उघडा. चावी माझ्याकडे द्या, मी समोरच आहे. बापूसाहेब म्हणाले, "एकीला परवानगी दिली की सगळ्या येतील."

"येऊ द्या! घरटी एक माणूस पलटणीत आहे, सगळ्या येणारच!"

"भावनेवर हेरिटेज चालत नाही."

मी म्हणालो, "भावनेवर चाललं म्हणूनच दगड उभा राहिला, नाहीतर तुमच्या पंपाच्या पायात गेला असता!" यावर अध्यक्षांनी मला सभागृहाची शिस्त पाळायला सांगितलं. सभागृह म्हणजे पंपामागची खोली. मागे टायरमध्ये हवा भरायचा आवाज येत होता.

माझा ठराव पडला. मी घरी आलो, जेवलो नाही. हरलो म्हणून नाही. त्या खोलीत बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या आयांनी त्याच दगडाला पाणी घातलेलं आहे, म्हणून.

दुसऱ्या दिवशी हौसाक्का दुकानात आली आणि म्हणाली, "एक सलाइनची नळी द्या. मोटी. बाटलीसकट."

"म्हैस आजारी आहे का?"

"लावायची हाय एकाला."

तिच्याकडे मी नीट पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी नळी दिली आणि हळूच धार बारीक-मोठी करायची चकरी कशी फिरवायची तेही सांगितलं. बिल केलं नाही. दुकानदाराने प्रत्येक गोष्ट विचारायची नसते.

चार-दोन दिवसांनी सदाचा फोन आला. सगळे सुखरूप होते, टॉवर पडला होता. हौसाक्का माझ्या काउंटरला धरून रडली. मी कशाचा कशाशी संबंध लावत नाही, पण त्या दिवशी दुकान लवकर बंद करून मी लिंबाखाली जाऊन आलो.

*

पुढच्याच बैठकीत देसाई सर घाबरेघुबरे होऊन आले. शिपाईबा आतून ओला दिसतोय! कुलूप बंद, काच शाबूत, पत्रा शाबूत आणि दगड ओला. अगदी डोक्यापासून. चंद्रसूर्यावर थेंब.

देसाई सर म्हणाले, जमिनीतून पाणी चढतंय. कुणी म्हणालं, काचेत वाफ धरते. कुणी चमत्कार म्हणालं आणि संध्याकाळपर्यंत दहा-वीस माणसं काचेला नाक लावून उभी राहिली. बापूसाहेबांनी पुण्याहून तज्ज्ञ आणला. मागच्यासारखाच, फक्त भिंगाऐवजी मशीन. तज्ज्ञाने पिंजऱ्याला तीन बाजूंनी मशीन लावलं. चौथ्या बाजूला सईचा फ्लेक्स होता.

"हा जरा काढता येईल का?" त्याने विचारलं.

"छे छे! ती माझी नात आहे," बापूसाहेब म्हणाले.

तज्ज्ञाने अहवाल दिला, 'दगडाचा जन्मजात ओलसरपणा.' मंडळाने तो एकमताने मंजूर केला. या वेळी मीही हात वर केला! बापूसाहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

*

आणि आता हा शेवटचा. थंडी नुकतीच सुरू झाली होती. दुधाची गाडी आली तेव्हा मी शटर अर्धं वर केलं आणि समोर पाहिलं तर लिंबाखाली बापूसाहेब. एकटे. डोक्याला मफलर, पायात बूट, हातात पितळेचा तांब्या.

गावात आदल्या दिवशीच कुजबुज होती, की सईचा फोन लागत नाही. टीव्हीवर पुन्हा त्याच बातम्या. बापूसाहेबांच्या पंपावरचा टीव्ही मात्र दिवसभर बंद होता.

त्यांनी खिशातून चावी काढली, कुलपात घातली, फिरवली. फिरेना. काच बसवल्यापासून ते कुलूप कुणी उघडलंच नव्हतं, पावसाने गंजून घट्ट झालं होतं. बापूसाहेबांनी ओढलं, हिसडलं, दाराला खांदा लावला. मग चहाच्या टपरीवरची प्लॅस्टिकची खुर्ची ओढून आणली आणि बुटांसकट तिच्यावर चढले. फटीतून तांब्या तिरका करायला गेले. फटीला हात पुरेना. पाणी काचेवरून त्यांच्या बाहीत आणि बाहीतून खाली खुर्चीवर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्या माणसाचा आवाज ऐकू आला नाही.

मी दुकानातून बाहेर पडणार, तेवढ्यात हौसाक्का आली. रोजच्या वेळेला, रोजचा तांब्या. खुर्चीवर चढलेले अध्यक्ष पाहून ती थांबली. मला वाटलं, आता बोर्ड वाचायला लावते. लावायलाच पाहिजे होतं, मी तर टाळ्या वाजवायला तयार होतो!

बापूसाहेबांनी तिला पाहिलं. खाली उतरायचंही त्यांना सुचेना.

"आक्का," ते म्हणाले, "सईचा फोन लागंना गं, परवाधरनं."

हौसाक्काने तांब्या खाली ठेवून चपला काढल्या. ती पिंजऱ्याच्या मागे गेली, सईच्या फ्लेक्सची खालची तार सोडली आणि फ्लेक्स वर उचलला. आत लिंबाच्या फांदीवरून, दोरीने खालीवर करता येईल अशी, सलाइनची बाटली उलटी टांगलेली होती. वरून पाणी ओतता यावं म्हणून बूड कापलेलं. तिची नळी काठीला बांधून वरच्या फटीतून शिपाईबाच्या माथ्यावर सोडलेली होती.

बापूसाहेब खुर्चीवरून उतरले, मागे आले आणि बाटलीकडे बघत राहिले. मग त्यांनी हातातला तांब्या पुढे केला.

हौसाक्काने तो हात धरून थांबवला.

"आवं सायेब," ती म्हणाली, "बूट काढा आदी."